वाचन : उत्तम

१२ जाने., सोम.
शाळेतून आल्यावर चहा केला, तो समोर गार झाला. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आज पाचवीला मराठीचा नवा पाठ. नेहमीसारखं आधी मी वाचून दाखवलं, मग तोच भाग एकेकाने उठून वाचायचा. दुसऱ्या परिच्छेदात माझी एक ओळ सुटली. डोळा सरळ खालच्या ओळीवर गेला, माझ्या लक्षातही आलं नाही. मग रिद्धी घाडी उठली. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. प्रार्थना तीच सांगते, पाढे तिसापर्यंत, कविता तोंडपाठ. स्वच्छ वाचलं तिने, कुठे अडखळली नाही. तिच्यानंतर तिच्याच बाकावरची निकिता उठली. निकिताने मधली एक ओळ वाचली, जी मी वाचली नव्हती. आणि रिद्धीनेही वाचली नव्हती. तीच ओळ.

योगायोग असेल.

१३ जाने., मंगळ.
योगायोग नाही.

मधल्या सुट्टीत रि.ला थांबवलं. वर्तमानपत्राचं कात्रण दिलं, मुलांच्या पानावरचं, हत्तीबद्दल पाच-सहा ओळी.
"बाई, डोळे दुखतायत."
"दोनच ओळी वाच."
"तुम्ही एकदा वाचून दाखवा ना. मग मी वाचते."
नाही म्हटलं. बराच वेळ कागदाकडे बघत उभी. 'हत्ती' ओळखला, चित्र होतं म्हणून. 'पाणी' वाचलं. 'घर' वाचलं. काना येतो. वेलांटी-मात्रेत गोंधळ. जोडाक्षर आलं की संपलंच. दहा वर्षांची पोरगी, पाचवी अर्ध्याच्या वर झालेली.

रडली नाही. कात्रणाची नीट घडी घालून परत दिली. "आईला सांगू नका," एवढंच.

१४ जाने., बुध.
संक्रांत. पोरांनी तिळगूळ दिले. रि.नेही दिला, माझ्याकडे न बघता.

शाळा सुटल्यावर कार्यालयातल्या कपाटातून जुन्या नोंदी काढल्या. शिपायाला सांगितलं, एक तारीख बघायची आहे. तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. रिद्धी विलास घाडी. वाचन : उत्तम. उच्चार स्पष्ट. खाली सही माझी.

बेचाळीस मुलं होती तेव्हा. एकेकाला दोन मिनिटं. तिने ठसक्यात म्हटलं आणि मी लिहिलं. तिची नजर पानावर होती का, ते मी पाहिलं नाही.

नितीनला सांगितलं. म्हणाला, "तू एकटीच होतीस का? दुसरीच्या बाई, चौथीच्या बाई, सगळ्यांनीच ढकललं ना पुढे." खरं आहे. नवरा म्हणून बरोबर बोलला. पण सही माझी आहे.

१६ जाने., शुक्र.
आज बोलली. मी विचारलं नव्हतं. फळा पुसता पुसता पाठमोरी सांगत गेली.

ह्या पोरांची पहिली करोनात, फोनवर झाली. शाळा बंद. घाडींकडे एकच फोन, तोही वडिलांसोबत साकीनाक्याला जायचा. ते तिथे लेथ मशीनवर आहेत. व्हिडिओ बघण्याइतकं नेट नसायचं. अशा घरांसाठी मी धडे माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचे. रोज. त्याबद्दल शाळेने माझा सत्कार केला होता, शाल मिळाली होती.

"पप्पा आले की मी फोन कानाला लावून पडून राहायची. तुमचे सगळे धडे मला अजून पाठ आहेत. मध्ये तुमच्या कुकरची शिट्टी व्हायची, ती पण."

आवाज पोचला. अक्षर कोणी दाखवलंच नाही. शाळा उघडली तेव्हा बाकीच्यांना थोडंफार येत होतं आणि हिला लाज वाटली. मग हिने शोधून काढलं की एकदा ऐकलं की काम होतं.

परीक्षांचं काय, विचारलं. मग म्हणाली, "निक्कीला ओरडू नका." निकिताला गणित जमत नाही. रि. तिला गणिताची उत्तरं कुजबुजते, निकिता बाकीच्या पेपरात वही तिरकी धरते. रि. तिच्या अक्षरांची चित्रं काढते. गेल्या वर्षी सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालंय तिला. मीच दिलं, स्टेजवर.

१९ जाने., सोम.
सुरुवात केली. आमची शाळा साडेबाराची. ती साडेअकराला येते. प्रयोगशाळेत बसतो, दार लोटून. स्टाफला सांगितलंय, वक्तृत्व स्पर्धेची तयारी. असली कुठलीही स्पर्धा नाही.

तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही. तिला शब्द दिलाय म्हणून, असं मी स्वतःला सांगते. पण आईसमोर उभं राहायची भीती मलाच आहे.

२७ जाने., मंगळ.
वाट लागली आहे. तिची स्मरणशक्तीच आडवी येते. पहिलीचं पुस्तक आणलं तर तिला ते सगळं पाठ. बोट ओळीखालून फिरतं, तोंड भलतीकडे पुढे गेलेलं. फळ्यावर वाक्य लिहिलं की दुसऱ्यांदा ती वाचत नाही, आठवते.

आज युक्ती केली. ती स्वतः वाक्यं सांगते, मी कागदाच्या पट्टीवर लिहिते, मग कात्रीने शब्द वेगळे करून पत्त्यांसारखे पिसते. वैतागली. "बाई, हे चीटिंग आहे." पण 'मशीन' आणि 'मावशी' हे दोन शब्द जागा बदलून ठेवले तरी ओळखले. आठ दिवसांत एवढंच. परीक्षा एप्रिलमध्ये. पाचवीला आता परत नापास करता येतं. वार्षिक, मग जूनमध्ये फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात.

मोजायचं नाही असं ठरवलंय. तरी मोजते. अकरा आठवडे.

५ फेब्रु., गुरु.
अपूर्णांक. वर्गाला विचारलं, तीन अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश? अर्धा वर्ग म्हणाला एक चतुर्थांश. काहींनी वहीत छेद समान करायला घेतला. रि. बसल्या जागेवरून, "तीन अष्टमांश. पाव इंच म्हणजे दोन सूत. हे तीन सूत आहे. एक सूत जास्त."

वडिलांकडून आलेलं. ते घरी मापं अशीच बोलतात, इंचाचे आठ भाग, एकेक सूत. मग तिने फळ्यावर येऊन पाच अष्टमांश, तीन चतुर्थांश, एक द्वितीयांश, सगळे उतरत्या क्रमाने लावले. अख्खा वर्ग तोंड उघडून बघत होता.

त्याच पानावर खाली शाब्दिक उदाहरण होतं. ते वाच म्हणाले असते तर... म्हणाले नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
आज काय केलं मी.

शाळा तपासणी. अधिकारी पाचवीत आले, सोबत आमच्या मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो. साहेबांनी स्वतःच्या बॅगेतून गोष्टीचं एक पातळ पुस्तक काढलं. "कोण वाचणार?" मी तोंड उघडायच्या आत मोठ्या बाई म्हणाल्या, "रिद्धी, ऊठ बाळा."

उठली. पुस्तक हातात घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, निकिताकडेही नाही. पानावर बघत राहिली. ओठ हलले. पहिला शब्द येतोय असं मला वाटलं, खरंच वाटलं. साहेब म्हणाले, "घाबरू नकोस."

मी म्हटलं, "सर, तिचा घसा बसलाय. कालपासून. निकिता वाचेल."

निकिताने वाचलं. साहेब खूश होऊन गेले.

नंतर प्रयोगशाळेत रि. म्हणाली, "पहिला शब्द मला येत होता."
"कुठला?"
"'एका'. आणि पुढचा पण. 'गावात'. तुम्ही थांबलाच नाहीत."

ती पट्ट्या पिसत बसली, स्वतःच.

५ मार्च, गुरु.
स्टाफ मीटिंग. वार्षिक परीक्षेत एका बाकावर एक पाचवीचा, एक सातवीचा. म्हणजे निकिता नाही.

मीटिंग संपल्यावर मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. नोंदीवरच्या माझ्या सहीसकट. त्या चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. वाईट बाई नाहीत. ही शाळा त्यांनी अंगावर घेऊन टिकवलीये.

"लेखी तुम्हीच तपासणार. तोंडीचे दहा गुण तुमच्याच हातात. मला हे कशाला सांगताय, सावंत?"
"तिला वाचता येत नाही, बाई."
"सहावीत येईल. सहावीला एक पोर कमी भरलं तर आपलं एक पद जातं. यादीत सगळ्यात खाली कोणाचं नाव आहे, माहितीये ना?"

माझं. माहिती आहे. अतिरिक्त ठरले की कुठे टाकतील देव जाणे. मुलुंडच्या घरून जिथे पाठवतील तिथे.

"तिला पाचवीत ठेवलंत तर तिला शिकवायला तुम्ही इथे नसाल. मग तिचा काय फायदा? विचार करा." दार लावताना पुन्हा, "विचार करा."

तर्क बरोबर आहे. तोच त्रास आहे.

९ मार्च, सोम.
आज आईला बोलावलं. रि.ला दिलेला शब्द मोडला. तिला आधी सांगितलं, "आता लपवता येणार नाही."

सुनंदा घाडी. स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात. दुपारच्या वेळात आल्या, हाताला पीठ तसंच. मी सांगत गेले. त्या आधी हसल्या, त्यांना वाटलं दुसऱ्या कोणत्या मुलीबद्दल बोलतेय. मग माझ्या टेबलावरचं पुस्तक उचलून मधलंच पान उघडून रि.पुढे धरलं. "वाच." रि. खाली बघत उभी. "वाच गो."

मग माझ्याकडे वळल्या. एरवी माझ्याशी जपून शहरी बोलतात. आज नाही.
"पाच वर्सां तुमी काय केलास? तिसरेत तुमीच माका सांगितलास, पोरगी हुशार म्हणान. मी चार घरांत सांगत फिरलंय."

चुकलं माझं, असं म्हटलं. त्याने काही होत नाही.

जाताना दारात थांबून हळू आवाजात, "बापाशीक सांगू नका. कळला तर तो तिका गावाक धाडतलो, काकांकडे. हुशार हा म्हणान हय मुंबयत ठेवल्यान."

१३ मार्च, शुक्र.
रि. चार दिवस नाही. मंगळवारपासून. आईचा फोन लागतो, उचलत नाहीत. निकिताला विचारलं, ती म्हणाली, "ती खेळायला पण बाहेर येत नाही." मग तोंड वळवून, "तुम्ही सांगायला नको होतं, बाई. आमचं चाललेलं ना नीट."

साडेअकराला तरी प्रयोगशाळा उघडते. पट्ट्यांचा डबा समोर ठेवून बसते. आज शिपाई विचारत होता, स्पर्धा कधी आहे.

१५ मार्च, रवि.
घरी गेले. घाटकोपरला डोंगरावर, रिक्षा अर्ध्यापर्यंतच. पुढे पायऱ्या. नितीन म्हणाला येतो, नको म्हटलं. वर पोचेपर्यंत धाप लागली होती आणि काय बोलायचं तेही विसरले होते.

दार वडिलांनी उघडलं. विलास घाडी, पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांना. बारीक माणूस, नखांत ग्रीस. आई आत. रि. पोटमाळ्यावर, तिचे पाय तेवढे दिसत होते शिडीवरून.

"कळलंय मला," म्हणाले. म्हणजे आईनेच सांगितलेलं. "बसा, मॅडम." पाणी दिलं.

"आमच्याकडे जॉब, म्हणजे पार्ट, मशीनवरून उतरला की माप घेतात. माप न घेता कोणी पुढे दिला, आणि पुढे तो बसला नाही, तर दोष लोखंडाला देत नाहीत."

मान खाली घालून ऐकलं.

"एप्रिलला पास होईल? खरं सांगा."
"मराठीत नाही होणार."
"मग करा नापास."

आई आतून दाराशी येऊन काहीतरी म्हणाल्या, वडिलांनी हात दाखवून थांबवलं. गावी पाठवणार का, विचारलं मी. म्हणाले, "गावाला कोण शिकवणार तिला? तिथे तर म्हशींमागे लावतील." बायकोला इतकी वर्षं दुसरंच वाटत होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. "पण जूनमध्ये परत परीक्षा आहे म्हणता, तोवर तुम्ही शिकवणार. सुट्टीत पण. कबूल?"

कबूल म्हटलं. माझ्या पदाचं मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? ती माझी अडचण, त्यांची नाही. पण जूननंतर मी नसले तर...

निघताना पोटमाळ्यावरून आवाज आला. "मी नापास नाही होणार. निक्की सहावीत जाणार आणि मी नाही, असं नाही करायचं." वडील वर बघून म्हणाले, "मग उद्यापासून जा." खाली उतरली नाही ती.

१६ मार्च, सोम.
आली. अकरा वीसलाच. बसली, डबा स्वतः उघडला. माझ्याशी बोलत नाही, शब्दांशी बोलते.

२८ मार्च, शनि.
आज जोडाक्षरं. 'रस्ता' फोडून वाचलं. मग स्वतःच म्हणाली, 'वस्ती', 'सस्ता', 'नाश्ता' नको, तो वेगळा 'श'. मी सांगितलं नव्हतं. पेन खाली ठेवून खिडकीशी गेले, नाहीतर तिच्यासमोरच डोळे पुसावे लागले असते.

वेग मात्र... एक परिच्छेद, अकरा मिनिटं. पेपर दोन तासांचा.

१० एप्रिल, शुक्र.
मराठीचा पेपर. माझी ड्युटी दुसऱ्या वर्गावर. दोनदा जिन्यावरून गेले, कारण नसताना. तिच्या शेजारी सातवीचा एक उंच पोरगा. ती वाकून, नाक जवळजवळ कागदाला.

बाहेर आल्यावर निकिता सगळ्यांशी उत्तरं जुळवत होती. रि. लांब उभी. "किती झालं?" विचारलं. "उताऱ्यापर्यंत पोचले," म्हणाली. उतारा म्हणजे दुसरा प्रश्न. एकूण सहा.

१३ एप्रिल, सोम.
पेपर तपासले. रि.चा शेवटी ठेवला होता.

पहिल्यांदा तिचं स्वतःचं अक्षर बघितलं. वेडंवाकडं. बक्षीसवालं ते नाहीच. उताऱ्यावरचे दोन प्रश्न तिने खरंच वाचून सोडवलेत, एकाचं उत्तर पूर्ण बरोबर. 'झाडाच्या' लिहिताना च्या तीनदा खोडून शेवटी जमलाय. लेखी चाळीसपैकी सहा.

तोंडी परीक्षा गुरुवारी घेतली होती. न पाहिलेला उतारा दिला. आकलन छान, वाचन हळू. पेन्सिलने पाच लिहून ठेवलेत. दहापैकी पाच, प्रामाणिक.

सहा आणि पाच अकरा. लागतात अठरा. सवलतीचे पाच गुण मिळवूनही दोन कमी. गणित चांगलं निघालं, परिसर अभ्यास नकाशा आणि जोड्या लावा यांवर काठावर, इंग्रजी पाठ केलेल्या वाक्यांवर. फक्त मराठी. फक्त दोन. पाचाचे सात करायचे, पेन्सिलच आहे.

आकलनाला जास्त धरलं तर सात चुकीचे म्हणता येणार नाहीत. पोरगी उताऱ्याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला सांगते. हे मी सकाळपासून स्वतःला चार वेळा सांगितलंय.

१५ एप्रिल, बुध.
मोठ्या बाई आज वर्गाच्या दारातून. "गुणपत्रक उद्या हवंय." बाकी काही नाही. हसल्याही.

नितीनशी भांडण झालं. तो म्हणतो, "दोन मार्कांसाठी नोकरी घालवणार? आणि त्या पोरीचं वर्ष?" मी म्हटलं, तिच्या बापानेच सांगितलंय. "त्याला तुझ्या नोकरीचं माहितीये?" नाही. "मग?"

मग काय. त्याच्या जागी मीही हेच बोलले असते.

१६ एप्रिल, गुरु.
पेनाने पाच लिहिले. सकाळी, चहाच्या आधी, विचार न करता. विचार केला असता तर सात लिहिले असते.

मोठ्या बाईंनी पत्रक वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या नावाशी बोट थांबलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "फेरपरीक्षेचा पेपर मी काढीन. सुपरव्हिजन मी लावीन. तपासणारही तुम्ही नाही." योग्यच आहे.

१ मे, शुक्र.
निकाल. झेंडावंदनानंतर पत्रकं वाटली. रि.च्या आईने घेतलं, उघडलं नाही, पिशवीत टाकलं. वडील कामावर. निकिता रि.चा हात धरून उभी होती, मग तिच्या आईने हाक मारली तशी गेली.

रि. माझ्याजवळ आली. "तुम्ही मला दोन मार्क देऊ शकत होतात."
"हो."
"निक्कीने तिच्या मम्मीकडून ऐकलं. सगळ्यांना माहितीये."
"हो."
"मी नाही येणार आता."

४ मे, सोम.
दहा वाजता ये असं सांगितलेलं. सुट्टी, शाळेत फक्त शिपाई. साडेदहा, अकरा. नाही आली.

५ मे, मंगळ.
नाही.

६ मे, बुध.
वडील घेऊन आले. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. तिला बाकावर बसवलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. मी म्हटलं, तुम्ही जाऊन झोपा. म्हणाले, "तिला बोललोय, मी पण बसणार. माझं सातवीनंतर सुटलं. माझं पण जरा घासून होईल."

तासभर बसले. रि.ने पहिली दहा मिनिटं तोंड उघडलं नाही. मग वडील पट्टीवरचा एक शब्द चुकीचा वाचतायत असं तिला दिसलं. "पप्पा, 'प्रकाश' आहे ते. 'परकाश' नाही." ते म्हणाले, "बघू परत." मुद्दाम चुकले का, माहीत नाही. विचारलं नाही.

२१ मे, गुरु.
रोज येते. अजून रागावलेली आहे, पण येते. रागात वेग वाढलाय. एक परिच्छेद चार मिनिटांत. आज येताना चाळीतल्या नळावरची अख्खी सूचना वाचून आली आणि मला म्हणून दाखवली. मग तिला संशय आला. "की मला आधीपासून पाठ होती? सगळे तेच बोलतात नळावर." दोघींना ठरवता येईना. मग मी वेगळी सूचना लिहून दिली, न ऐकलेली. वाचली. दोन शब्द चुकले.

३० मे, शनि.
कार्यालयातून फोन. अतिरिक्त शिक्षकांची यादी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल. सहावीचा पट फेरपरीक्षेनंतर धरणार. म्हणजे ती पास झाली तर माझं पद राहतं, नाही झाली तर... हे आता सगळं एकाच पोरीच्या पेपरावर आलंय आणि तिला माहीत नाही. माहीत होऊ द्यायचं नाही. नितीनलाही बजावलंय.

आणि त्यामुळे आता भीती वाटते की मी तिला शिकवतेय ते कोणासाठी. आज ती अडखळली तेव्हा मी जोरात ओरडले. असं कधी ओरडत नाही मी. तिने पुस्तक मिटलं. नंतर माफी मागितली मी. "चालतं," म्हणाली.

९ जून, मंगळ.
शेवटचा दिवस. नवं काही घेतलं नाही. तिने विचारलं, "नाही झाले पास तर परत तुमच्याच वर्गात ना?"
"बघू."
"बघू म्हणजे?"
"म्हणजे तू पेपर लिही."
बराच वेळ माझ्याकडे बघत होती. हिला ऐकून सगळं कळतं. शब्दात नसलेलंही.

११ जून, गुरु.
शिक्षक-खोलीतून लिहितेय. फेरपरीक्षा चालू. आमच्या शाळेतून तीनच मुलं, त्यातली दोन आठवीची. मला त्या मजल्यावर जायला मनाई आहे, पण शिक्षक-खोलीची खिडकी परीक्षेच्या वर्गाच्या बरोबर समोर येते, ह्याचा विचार मोठ्या बाईंनी केला नसावा. की केला असावा.

रि. दुसऱ्या बाकावर. वडील खाली गेटशी, डब्याची पिशवी घेऊन. आज सुट्टी टाकली आहे म्हणाले.

सव्वाअकरा. पान उलटलं तिने. पहिलं.

अकरा पंचवीस. बोट ओळीखालून फिरतंय. ओठ हलतायत. मध्येच थांबली, बोट मागे नेलं, परत सुरुवात. काय लिहितेय दिसत नाही.

अकरा चाळीस. दुसरं पान. बाकीच्या दोघांपैकी एकाने पेपर देऊनही टाकला.

अकरा पन्नास. तिने हात वर केलाय. सुपरव्हिजनच्या बाई उठून तिच्याकडे जातायत. पुरवणी मागतेय, की पाणी, की एखादा शब्द विचारतेय. बाई वाकून ऐकतायत. इथून आवाज येत नाही.